किटुलगलचा पूल

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या सभागृहात ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ हा इंग्रजी चित्रपट वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस दाखविण्यात आला होता, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. त्यातील युद्धकैदी शीळ घालीत छावणीत प्रवेश करतात. ती शीळ पुढे आठवडाभर शाळेच्या व्हरांड्यांतून ऐकू येत होती, व ती थांबविण्यासाठी शिपायास दोनदा पाठवावे लागले. चित्रपट सुरू होण्यापूर्वी चार शब्द बोलण्याचे काम आमच्याकडे होते. त्या वेळी आम्ही असे सांगितले की, तुम्हांस आता जो पूल दिसेल तो सयामातील खरा पूल होय, ती नदी खरी, ते डोंगर खरे, आणि हकीकतही बव्हंशी अशीच घडली. इतिहासाच्या शिक्षकाने व्यासपीठावरून सांगितलेली गोष्ट. तिजबद्दल कोणी शंका घेतली नाही. आम्हांसही शंका आली नाही. ती गोष्ट आम्ही कोठे वाचली नव्हती. चित्रपट पूर्वी एकदा पाहिला होता, तेवढ्यावरून सांगितली होती. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत लंकेच्या प्रवासात ह्या चुकीचा उलगडा झाला. तो येथे लिहून ठेवणे आम्हांस अवश्य वाटते.

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही चौघे शिक्षक कोलंबोहून नुवर एलिया ह्या थंड हवेच्या ठिकाणी निघालो. आगगाडीने जावयाचे ठरले होते, परंतु तिकिटे न मिळाल्याने अविस्सावेल्ल, किटुलगल व हॅटन ह्या मार्गाने बसने जावे लागले. आमच्याकडे पाऊस यावयास अद्याप पंधरवडा तरी अवकाश होता. तेथे तो नुकताच दाखल झाला होता. नैर्ऋत्येकडून येणारे मोसमी वारे प्रथम लंकेस गाठतात व मग केरळाच्या किनाऱ्याने वर सरकत कोकणात येतात. लंकेचा मध्यभाग डोंगराळ आहे. समुद्रावरून आलेले बाष्प ह्या डोंगरांच्या पश्चिम उतारांवर अडते, वर चढते, थंड होते आणि कोसळते. आपल्या सह्याद्रीत जे घडते तेच हे. हॅटनच्या वाटेवरील वटवल ह्या गावी वर्षास ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या तोडीचा. आमच्यापैकी एकाने मुंबईहून निघताना छत्री घ्यावयाची की नाही ह्यावर बराच वाद घातला होता. अविस्सावेल्ल ओलांडल्यावर तो वाद आपोआप मिटला.

किटुलगल हे कोलंबोपासून सुमारे नव्वद किलोमीटरांवर केलनी नदीच्या काठी वसलेले लहानसे गाव आहे. ‘किटुल’ म्हणजे कोकणात ज्यास भेरली माड म्हणतात ते झाड, आणि ‘गल’ म्हणजे खडक. ह्या माडाच्या रसाचा काकवीसारखा पाक तेथे म्हशीच्या दह्यावर घालून खातात. तो आम्ही खाल्ला व त्याविषयी आमची काही तक्रार नाही. गावाजवळ नदी दोन झाडीभरल्या डोंगरांमधून खडकांवर आदळत येते. ज्यास श्रीपाद म्हणतात त्या शिखराच्या आसपासच्या डोंगरांत तिचा उगम आहे. वरच्या अंगास वीज निर्माण करण्यासाठी धरणे झाल्यामुळे तिचे पाणी आता पूर्वीसारखे सर्वस्वी आपल्या मर्जीने वाहत नाही. रबरी होड्यांत बसून ह्या खळखळाटातून खाली जाण्याची हौस असलेले पुष्कळ तरुण येथे येतात. ह्याच डोंगरांत बेलीलेन नावाची एक गुहा असून तीत हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांचे अवशेष सापडले आहेत. पण आमच्या बसमध्ये तिची चौकशी कोणीच केली नाही. जो तो पुलाची जागा विचारीत होता, आणि पूल तर तेथे नाही.

वाहकाने ‘क्वाय ब्रिज’ असे ओरडून आम्हांस उतरविले, तेव्हाही आमची समजूत अशी होती की, चित्रपटावरून एखाद्या पुलास ते नाव पडले असावे. रस्त्याकडेला एक पाटी होती. तिच्या शेजारून निसरडी पायवाट झाडीतून खाली जात होती. एक सतरा-अठरा वर्षांचा मुलगा वाट दाखविण्यास पुढे झाला. ‘पावलांकडे पाहत चला,’ असे त्याने इंग्रजीत बजाविले. आम्हांस वाटले घसरण्यासाठी, परंतु त्याचा रोख जळवांकडे होता. पंधरा मिनिटांत आम्ही नदीकाठी पोहोचलो. तेथे शेवाळलेल्या काँक्रीटचा एक चौथरा, त्यापुढे आणखी एक, आणि मग तांबूस रंगाचे चढलेले पाणी. पलीकडच्या तीरावरील पाया पाण्याच्या फवाऱ्यात व पावसात दिसेना. मुलगा म्हणाला, ‘फेब्रुवारीत या, तेव्हा सगळे दिसते.’ त्या चौथऱ्यावर उभे राहून आमच्यातील गणिताच्या शिक्षकांनी विचारले, ‘मग सयामातला पूल येथे कसा?’ मुलगा हसला. हा प्रश्न त्यास नवा नसावा.

हकीकत अशी आहे. पिएर बूल ह्या फ्रेंच लेखकाने १९५२ साली ह्या विषयावर कादंबरी लिहिली. डेव्हिड लीन ह्या इंग्रज दिग्दर्शकाने तीवरून चित्रपट काढावयाचे घेतले, तेव्हा सयामातील मूळ जागा त्यास उपयोगाची नव्हती. तेथे नदीचे पात्र रुंद व काठ सपाट आहेत. पडद्यावर छाती दडपून जावी असे तेथे काही नाही. म्हणून त्या वेळच्या सिलोनमधील ही अरुंद दरी पसंत करण्यात आली. शेफील्ड येथील एका इंजिनिअरांच्या पेढीने पुलाचा आराखडा केला. तो सुमारे ४२५ फूट लांब व पाण्यापासून ५० फूट उंच होता असे सांगतात. जंगलातून ओंडके तोडून हत्तींकडून ते नदीपर्यंत ओढून आणविले. पुलाची रचना मुलांस कळावी म्हणून सांगतो: नदीत दोन उंच लाकडी मनोरे, आणि प्रत्येक मनोऱ्यापासून दोन्ही बाजूंस तराजूच्या दांडीप्रमाणे पुढे निघालेले हात. एका बाजूचा भार दुसरी बाजू तोलून धरते. स्कॉटलंडातील १८९० साली पुरा झालेला फोर्थ नदीवरील प्रसिद्ध लोखंडी पूल ह्याच तत्त्वावर उभा आहे. पुलाच्या दोन्ही टोकांस थोड्या अंतरापर्यंत रूळ टाकले व जुने इंजिन आणि डबे आणून ठेविले. एवढा खटाटोप करून बांधलेला पूल अखेरीस उडवून देण्यासाठीच होता.

ती घटका १० मार्च १९५७ रोजी यावयाची होती. सिलोनचे पंतप्रधान बंडारनायके जातीने उपस्थित होते. गाडी पुलाकडे सोडण्यात आली. पण चित्रण करणारा एक मनुष्य सुरक्षित जागी पोहोचल्याची खूण मिळेना. दिग्दर्शकाने सुरुंग थांबविला. गाडी मात्र थांबली नाही. ती पूल ओलांडून पलीकडे ठेविलेल्या वीजयंत्रावर जाऊन आदळली. रात्रीतून ती दुरुस्त करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सोडण्यात आली, आणि मग पूल व गाडी दोन्ही केलनीत गेली. हे ऐकताना आमच्या मनात आले की, एका माणसाच्या जिवासाठी इतक्या खर्चाचा देखावा एका क्षणात थांबविण्यात आला, ही गोष्ट चित्रपटातील कोणत्याही प्रसंगाहून कमी नाही. खरा मार्ग बांधताना असा हात आखडल्याचे कोठे वाचावयास मिळत नाही.

आता खऱ्या मार्गाकडे वळले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धात जपानने ब्रह्मदेश जिंकल्यावर तेथील सैन्यास समुद्रमार्गे रसद पोहोचविणे धोक्याचे झाले. तेव्हा सयामातील बान पोंगपासून ब्रह्मदेशातील थानब्युझायतपर्यंत ४१५ किलोमीटरांचा लोहमार्ग डोंगर-जंगलांतून नेण्याचे ठरले. ह्या वाटेची पाहणी ब्रिटिशांनीही पूर्वी केली होती व ती अवघड म्हणून सोडून दिली होती. १९४२ च्या सप्टेंबरात काम सुरू झाले आणि १७ ऑक्टोबर १९४३ रोजी दोन्हीकडचे रूळ एकमेकांस मिळाले. ह्या कामास साठ हजारांवर ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच व अमेरिकन युद्धकैदी जुंपले होते. त्यांपैकी बारा हजारांहून अधिक मरण पावले.

चित्रपटातील पुलाशी ज्याचा संबंध जोडतात तो पूल कांचनबुरी गावाजवळ तामाकाम येथे आहे. तेथे दोन पूल झाले: आधी कामचलाऊ लाकडी, व नंतर काँक्रीटच्या खांबांवर लोखंडी. लोखंडी कमानी जावाहून आणलेल्या होत्या. कोणा धाडसी टोळीने पहिल्या गाडीसकट तो उडविला नाही. तो दोन वर्षे वापरात राहिला व १९४५ साली दोस्तांच्या विमानांनी बॉम्ब टाकून मोडला. युद्धानंतर त्याची दुरुस्ती झाली आणि आजही त्यावरून आगगाडी जाते. आणखी गंमत अशी की, तो पूल क्वाय नदीवर नव्हताच. तो मे क्लोंग नदीवर होता. लोहमार्ग पुढे ज्या ख्वे नोइ नदीच्या खोऱ्यातून जातो तिचे नाव बूलने ऐकले व पुलास तेच चिकटविले. सयामी भाषेत ‘ख्वे’ म्हणजे उपनदी. ‘क्वाय’ असा उच्चार केल्यास तो तेथील म्हशीच्या नावाजवळ जातो. चित्रपट गाजल्यावर जगभरचे प्रवासी क्वाय नदीवरील पूल शोधीत येऊ लागले. तेव्हा १९६० च्या सुमारास सयामच्या सरकारने पुलाखालील मे क्लोंगच्या त्या भागाचेच नाव ख्वे याइ असे ठेविले. चुकलेल्या कथेप्रमाणे नदीने आपले नाव बदलले. भूगोलाच्या परीक्षेत अशी सोय आमच्या विद्यार्थ्यांस कधी मिळत नाही!

माणसांच्या बाबतीतही असेच झाले. चित्रपटातील इंग्रज कर्नल शिस्तीच्या अभिमानापायी शत्रूस उत्तम पूल बांधून देतो. तामाकाम येथील कैद्यांचे ज्येष्ठ अधिकारी फिलिप टूझी हे होते. कैदी जगावेत म्हणून त्यांनी जपानी अधिकाऱ्यांशी पदोपदी झगडा केला, आणि त्यांच्या माणसांनी पुलाच्या लाकडांत वाळवी सोडणे व काँक्रीट मुद्दाम वाईट कालविणे असे उद्योग केले. चित्रपट पाहून तेथून जिवंत परतलेल्या कित्येकांस मोठा खेद झाला. बूलने पुढे सांगितले की, आपला कर्नल हा इंदोचीनमधील फ्रेंच अधिकाऱ्यांवरून रेखाटला आहे. जपानी इंजिनिअरांवरही अन्यायच झाला. पडद्यावर ते अडाणी दिसतात. वस्तुतः तो अवघड मार्ग व त्यावरील पूल त्यांनीच आखले होते. त्यांचे कसब खरे होते व त्यांच्या सैन्याने केलेली निर्दयताही खरी होती. ह्या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात, हे चित्रपटास सांगता आले नाही. बूलच्या कादंबरीत तर पूल पडतच नाही. चित्रपटास सात ऑस्कर पारितोषिके मिळाली, त्यांतील पटकथेचे बूलच्या नावे होते. परंतु पटकथा लिहिली होती कार्ल फोरमन व मायकेल विल्सन ह्या दोघांनी. कम्युनिस्टपणाच्या संशयावरून अमेरिकेत त्यांच्यावर बहिष्कार असल्यामुळे त्यांची नावे झाकून ठेविली होती. १९८४ साली त्यांस ते श्रेय देण्यात आले, तेव्हा दोघेही ह्या जगात नव्हते.

हे सर्व आम्ही त्या दिवशी जाणत होतो असे कोणी समजू नये. मुलाने अर्धे सांगितले. उरलेले परत आल्यावर पुस्तके काढून वाचले. त्या दिवशी चौथऱ्यावर उभे असता आम्हांस जाणवले ते वेगळेच होते. चित्रपटात बहुतेक वेळ लख्ख ऊन आहे. कैदी घामाघूम होतात, पण भिजलेले क्वचितच दिसतात. आम्ही त्या काठावर अवघे दोन तास होतो. तेवढ्यात बुटांत पाणी भरले, अंगावरील कोरडा असा धागा राहिला नाही, पायवाट ओहोळ झाली, आणि आमच्यातील सर्वांत दणकट गृहस्थास कुडकुडी भरली. वर चढताना आम्ही दोनदा घसरलो. हातांत छत्रीखेरीज दुसरे ओझे नव्हते, पोटात दहीभात होता, आणि वर विश्रामगृहात गरम चहा वाट पाहत होता.

सयाम-ब्रह्मदेशाच्या सीमेवरील डोंगरांतही पाऊस मे महिन्यातच येतो. १९४३ च्या एप्रिलात सुमारे सात हजार कैद्यांची एक तुकडी त्या सीमेकडे धाडण्यात आली. त्यांत आजारी माणसेही पुष्कळ होती. बान पोंगपासून सुमारे तीनशे किलोमीटर त्यांस रात्री-रात्री चालविण्यात आले. ती मुक्कामास पोहोचतात तो पाऊस सुरू झाला, आणि पावसाबरोबर पटकी आली. पुष्कळ झोपड्यांस छप्पर नव्हते. चिखलामुळे अन्न वर पोहोचेना. अर्धपोटी माणसे कमरेइतक्या पाण्यात उभी राहून ओंडके उचलीत होती. जपानी सैन्यास मार्ग लवकर हवा होता, म्हणून कामाचे तास कमी न होता वाढले. पटकी, आमांश, हिवताप आणि पायांवरील कुजणारी क्षते ह्यांनी त्या एका तुकडीतील तीन हजारांहून अधिक माणसे वर्षअखेरपर्यंत नेली. आम्ही भिजलो तो महिना तोच होता. जागा खोटी होती, पूल खोटा होता. पण वरून पडणारा पाऊस मात्र त्याच मोसमी वाऱ्यांचा होता.

आणखी एक गोष्ट आम्हांस हॅटनकडे जाताना उमगली, आणि आमची खरी चूक तीच होय असे आता वाटते. दुपारच्या बसने आम्ही घाट चढू लागलो. चहाचे मळे सुरू झाले. पाठीवर टोपल्या व अंगावर प्लॅस्टिकचे कापड घेतलेल्या बाया पावसातच पाने खुडीत होत्या. काही बाया वाटेत बसमध्ये चढल्या. त्या आपसांत तमिळ बोलत होत्या. ह्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात दक्षिण हिंदुस्थानातील खेड्यांतून प्रथम कॉफीच्या व मग चहाच्या मळ्यांवर मजूर म्हणून आणले गेले. त्याच खेड्यांतून, तशाच दलालांमार्फत, दुसरे लोंढे मलायातील रबराच्या मळ्यांवर गेले. आणि १९४३ साली जपान्यांनी मलायातील ह्याच तमिळ मजुरांस तीन महिन्यांच्या कामाची व बऱ्या मजुरीची लालूच दाखवून, आणि ती चालेनाशी झाल्यावर बळाने धरून, त्या लोहमार्गावर नेले. त्यांच्याबरोबर ब्रह्मी, जावाचे व मलायी मजूरही होते. ह्या आशियाई मजुरांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती, व त्यांतील मृतांचा आकडा नव्वद हजारांच्या घरात मानतात. कित्येकांच्या मते तो ह्याहूनही मोठा आहे. युद्धकैद्यांजवळ निदान त्यांचे अधिकारी होते, डॉक्टर होते, हजेरीची यादी होती. ह्या मजुरांकडे ह्यांपैकी काहीच नव्हते. कित्येक बायकामुलांसह आले होते. पटकी शिरली की झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या होत. कांचनबुरी येथील युद्धस्मशानात सुमारे सात हजार सैनिकांच्या थडग्यांवर नावे कोरलेली आहेत, हिरवळ राखलेली आहे. मजुरांना बहुधा जेथे मेले तेथेच पुरले. त्यांच्या नावाचा दगड सहसा कोठे सापडत नाही.

चित्रपटात पूल बांधताना दिसतात ते गोरे कैदी. आम्ही प्रास्ताविकात ‘घडलेली हकीकत बव्हंशी अशीच’ असे म्हटले, तेव्हा नव्वद हजार माणसे आमच्या तोंडून गळाली. पूल सिलोनचा की सयामचा ही चूक त्यापुढे किरकोळ आहे. बसमधील बायांकडे पाहत असता गणिताचे शिक्षक हळूच म्हणाले, ‘सर, मुलांना हे सांगावे लागेल.’ त्यांचे बरोबर होते.

चित्रपट चांगला नाही असे मात्र आम्ही म्हणणार नाही. कर्तव्य व अभिमान ह्यांची सरमिसळ झाली म्हणजे शहाणा मनुष्य कोठवर जातो, हे त्यात उत्तम दाखविले आहे, आणि ॲलेक गिनेस ह्या नटाचे काम विसरण्यासारखे नाही. येत्या सत्रात तो पुन्हा दाखविण्याची परवानगी मुख्याध्यापकांनी दिली आहे. ह्या खेपेस पडद्याशेजारी दोन नकाशे लावू, एक लंकेचा व एक सयाम-ब्रह्मदेशाचा. आणि प्रास्ताविक अर्ध्या तासाचे असेल, ह्याची शीळ घालणाऱ्यांनी तयारी ठेवावी.

ज्यांनी तीन वर्षांपूर्वी आमचे भाषण ऐकिले ते विद्यार्थी आता शाळा सोडून गेले. कोणी पुण्यास, कोणी मुंबईस महाविद्यालयात आहेत. एक-दोघे नौकानयनाच्या शिक्षणास गेल्याचे कळते. सर्वांचे पत्ते आम्हांजवळ नाहीत. त्यांची धाकटी भावंडे अद्याप शाळेत आहेत. त्यांनी हा अंक घरी नेल्यावर एवढी पाने तरी वडील भावास अथवा बहिणीस दाखवावी, अशी आमची विनंती आहे.